तिथीची पाऊणकी

मालवणात नारळी पौर्णिमेला पहिला नारळ पडतो तो सिंधुदुर्ग किल्ल्यावरून. किल्ल्यात राहणारी मंडळी शिवराजेश्वराची पूजा करून वाजतगाजत बाहेर येतात आणि दर्याला श्रीफळ देतात. तोवर इकडे बंदरावर माणसांची रीघ लागलेली असते. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांचा मानाचा नारळ मिरवणुकीने येऊन थांबलेला असतो, पण किल्ल्याच्या आधी तो पाण्यात जात नाही. किल्ल्याचा मान झाला की बंदराचा नारळ, आणि मग ज्याच्या हातात जो असेल तो. शिवकाळात किल्ल्यावरून सोन्याचा नारळ सोडत, असं मालवणात आजही छाती फुगवून सांगतात. २५ नोव्हेंबर १६६४ला किल्ल्याचा पाया घातला तेव्हा महाराजांनी ज्या खडकावर पूजा केली, तो मोरयाचा धोंडा दांडी-वायरीच्या किनाऱ्यावर आहे. माझ्या आईचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर.

आई नारळ कधी फेकत नसे. बंदरावर तरणीताठी पोरं हात मागे नेऊन लांब कुठेतरी भिरकावायची, टाळ्या पडायच्या. आई पायऱ्या उतरून पाण्याजवळ जायची, वाकायची आणि दोन्ही हातांनी नारळ पाण्यावर ठेवायची. ठेवून झाल्यावर वर येतानाही ती उलटी, पाण्याकडे तोंड करूनच दोन पायऱ्या चढायची. ‘दर्याक पाठ करून उभो रवा नको,’ हे मला तिने इतक्या वेळा सांगितलंय की अजून कुठल्याही समुद्रावर गेलो तरी फोटो काढायला मी पाठ फिरवत नाही.

आम्ही राहायचो कोल्हापुरात. वडील एसटीत होते. राखी आणि नारळी पौर्णिमा एकाच दिवशी, त्यामुळे माहेरी जायला आईला वेगळं निमित्त लागायचं नाही. राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली, कसाल, मालवण. दाजीपूरच्या जंगलात धुकं इतकं दाट की दिवसाउजेडी गाडीचे दिवे लावलेले असायचे, आणि खिडकीच्या रबरातून पाणी झिरपून मांडीवरची पिशवी भिजायची. घाट उतरेपर्यंत आई शेजारच्या बाईशी कोल्हापूरकरीण होऊन बोलत असायची. फोंड्याला गाडी थांबून चहाच्या टपरीवरचा पोरगा खिडकीशी आला की तिची जीभच बदलायची. ‘रे झिला, दोन च्या दी बघूया.’ तिथून पुढे चार दिवस ती माझ्या ओळखीची आई नसायची. मोठ्याने हसायची, मामाच्या पाठीत धपाटे घालायची, मामीने वाढलेलं मुकाट खायची.

त्यातला एक दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. मी तेव्हा सातवीत असेन. पहाटे पाऊस पडून गेला होता आणि ऊन आलं होतं. दांडीच्या किनाऱ्यावर होड्या अजून चुडताच्या झापांखाली होत्या. पावसाळ्यात होडी ओढून वर घेतात आणि विणलेल्या झापांनी शाकारतात, लहानशी खोपच ती. मामाने झाप काढले तेव्हा आतून कुंद वास आला, ओल्या लाकडाचा, तेलाचा आणि गेल्या हंगामातल्या मासळीचा. होडी धुतली. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. आईने मामाला राखी बांधली आणि पिशवीतून दुसरी राखी काढून नाळेत घातलेल्या दोराला बांधली. कुणीही त्याची दखल घेतली नाही, म्हणजे दरवर्षीचंच असणार.

मामी आणि आजी शिरवळ्यांच्या गडबडीत होत्या. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यातून शिजवून काढायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यात दाबायचे. एकीने दाबायचं, दुसरीने खाली ताट फिरवायचं. थंड झाले तर संपलंच, साच्यातून उतरत नाहीत. वर नारळाचा गूळ-वेलची घातलेला रस. मी किती खाल्ल्या हे विचारू नये. मामा मात्र रस घेऊन दाराशी उभा राहून खात होता, कारण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. संध्याकाळी बंदरावर नारळ लढवायचे होते आणि नारळ अजून आणले नव्हते. ते आणायचं काम आईचं.

नारळ लढवणं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, टोकाकडचा थोडा भाग उघडा ठेवून. दुसऱ्याने आपला नारळ त्यावर मारायचा. ज्याचा फुटला तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. एवढंच. पण एका चांगल्या नारळाने माणूस संध्याकाळभर जिंकत राहतो आणि घरी जाताना पोत्यात खोबरं घेऊन जातो. म्हणून सगळी मेहनत निवडण्यात.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नारळांचे ढीग लागलेले होते. आई एका ढिगाशी उकिडवी बसली. मोठे, गुबगुबीत नारळ तिने हातही न लावता बाजूला सारले. लहान, काळपट, शेंडी सुकलेले तेवढे पुढे ओढले. एक उचलायचा, कानाशी हलवायचा, मग दुसऱ्या नारळाच्या टोकाने त्यावर हलकी टिचकी मारायची आणि मान किंचित कलती करून ऐकायचं. डोळे तिने मिटलेले नव्हते, पण ते कशावरच नव्हते. आजूबाजूला ढोल, पिपाण्या, विक्रेत्यांच्या आरोळ्या, पोरांचा कालवा. त्या सगळ्यातून तिला करवंटीची जाडी ऐकू येत होती. चार-पाच नाकारले. विक्रेता कंटाळला. ‘बाय, नारळ घेतंस काय नवरो बघतंस?’ आई हसली नाही. सातवा-आठवा असेल, तिने टिचकी मारली, पुन्हा मारली, आणि माझ्या हातात दिला. ‘हो धर. हेका खाली ठेव नको.’ मी तो छातीशी धरून बंदरापर्यंत नेला.

त्या दिवशी पाण्याने जेटीच्या खालच्या पायऱ्या उघड्या टाकल्या होत्या. पौर्णिमेला भरती असते ती दुपारी बाराच्या आत, त्यामुळे पाचच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी. किल्ल्यावरचा नारळ झाल्याची खूण आली, मग बंदरावरचा गेला, आणि पाठोपाठ इतके नारळ पाण्यात आले की लाटेबरोबर ते एकमेकांवर आपटल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. आईने आपला ठेवला. मग मामाने बाही सरसावली आणि गर्दीत शिरला.

पहिला समोरचा फुटला, दुसरा फुटला, तिसरा. दर वेळी मामा मागे न बघता हात मागे करायचा आणि मी फुटलेला नारळ घेऊन पिशवीत टाकायचो. एक धिप्पाड माणूस आला, त्याचा नारळ मामाच्या नारळापेक्षा दीडपट. त्याने तीनदा मारलं. मामाच्या मुठीतून रक्त आलं, पण नारळ फुटला नाही. मामाची पाळी आली तेव्हा त्याने एकदाच मारलं आणि समोरच्याच्या हातातून पाणी गळायला लागलं. आई बायकांच्या घोळक्यात उभी होती. तेव्हा बायका लढवत नसत. तिचं तोंड मला दिसत होतं. नारळावर नारळ आपटला की ती डोळ्यांनी नव्हे, कानाने निकाल घेत होती. गर्दी ओरडायच्या आधीच तिचा चेहरा बदलायचा. मामा संध्याकाळभर जिंकला. लोकांनी मामाच्या पाठीवर थापा मारल्या. नारळ कोणी निवडला हे मामाला आणि मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हापूरला परतलो आणि मामा दर्यावर गेला.

नारळी पौर्णिमेला होडी का घालायची, याची कारणं मी पुढे वाचून समजून घेतली. नैर्ऋत्येचा वारा तोवर ओसरू लागतो. जून-जुलैत बऱ्याच मासळीची वीण होऊन गेलेली असते. मासेमारीवरची सरकारी बंदीही पूर्वी या सणाला धरून असे. १० जूनला सुरू व्हायची आणि १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तेव्हा उठायची. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरले आहेत आणि तिथीचा त्यांच्याशी संबंध राहिलेला नाही. आईला यातलं काहीच सांगावं लागलं नसतं. तिच्या दृष्टीने सण म्हणजे परवानगी मागणं होतं. जो आत जाणार आहे त्याच्या घरच्यांनी आधी येऊन विचारायचं, की आमचा माणूस पाठवू का. उत्सव, मिरवणूक, जिलेब्यांची दुकानं हे त्या विचारण्याभोवती जमलेलं. आणि मला वाटतं, आजही ज्या घरातलं कुणी पाण्यात जातं त्या घरच्या बाईचा नारळ आणि बाकीच्यांचा नारळ हे पाण्यावर पडताना वेगळे दिसतात. मी ते पाहिलं आहे.

पण घरातलं कुणी पाण्यात जायचं कमी झालं. मामाची रापण होती. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकत यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. वाडीतला जो दोराला हात लावेल त्याला वाटा. म्हाताऱ्या, पोरं, कुणीही. बांगडे, पेडवे, तारले. आधी ट्रॉलर किनाऱ्याजवळ यायला लागले, मग पर्ससीनची मोठी जाळी आली, मग रात्री एलईडीचे दिवे लावून मासळी गोळा करणं सुरू झालं. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी आंदोलनं केली, समुद्रात बोटी अडवल्या, मार खाल्ला. ५ फेब्रुवारी २०१६ला राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला, पुढच्या वर्षी केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. कागदावर ती लढाई जिंकलेली आहे. पण रापणीच्या दोराला लागणारी पन्नास माणसं तोवर पांगली होती. मामाचा मुलगा आता पर्यटकांना घेऊन किल्ल्याच्या मागे डुबक्या मारायला नेतो. पोटाला लागतं ते माणूस करणार. तो ते मन लावून करतो आणि पाण्याची त्याला जाण आहे. फक्त ज्या किनाऱ्यावर हात लावेल त्याला वाटा मिळत होता, तिथे आता तिकीट आहे, याचं मला दुःख आहे आणि ते मी लपवणार नाही.

मे २००८मध्ये बंगळूरचा नवा विमानतळ देवनहळ्ळीला सुरू झाला आणि मी मालवाहतुकीच्या कामासाठी इथे आलो. वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली. देवनहळ्ळी म्हणजे जुना किल्ला, टिपू सुलतानाचं जन्मस्थान, आणि चकोता. इथल्या चकोत्याला, म्हणजे आपल्या पपनसाला, भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आई आली तेव्हा आमच्या भाड्याच्या घराच्या परसात त्याचं एक झाड होतं, आणि ते बघून तिला पहिल्यांदा इथे बरं वाटलं, कारण गणपतीवर टांगतात त्या माटवीला पपनस लागतं. त्याखेरीज तिच्या ओळखीचं इथे काही नव्हतं. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, कोरड्या वाऱ्याचं पठार. मासे हवेत तर मी शिवाजीनगरला रसेल मार्केटला जाऊन मंगळूर-मलपेकडून आलेले बांगडे आणायचो. आई कल्ले उघडून बघायची, काही न बोलता साफ करायला घ्यायची.

पण पाणी तिने सोडलं नाही. कोकणात भरतीची वेळ काढायची रीत अशी, की तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. द्वादशीला नऊ. आईची शाळा चौथीपर्यंत झाली होती, पण पाऊणकी तिला तोंडपाठ होती, ती शाळेसाठी नव्हे, दर्यासाठी. देवनहळ्ळीच्या त्या घरात सकाळी कॅलेंडरवर तिथी बघितली की ती मनातल्या मनात पाऊणकी करायची आणि दिवसभर तिला ठाऊक असायचं, की आत्ता दांडीवर पाणी कुठवर आलं असेल. भाजी चिरता चिरता मध्येच म्हणायची, ‘आता सुकती लागली.’ अमावास्या-पौर्णिमेला, ‘आज उधाण हा.’ सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी फारसं चढत-उतरत नाही, आणि खरं सांगतो, त्या दिवसांत तीही सुस्त असायची. भरतीच्या वेळेला ती मामाला फोन लावायची. ‘पाणी चढला?’ मामा पलीकडून ‘चढला गे’ म्हणायचा आणि मग दोघं इकडचं तिकडचं बोलायची. माझी मुलगी लहान होती. तिला वाटायचं, आजी फोनवरून समुद्र सुरू-बंद करते.

२०२२ साली इकडे पाऊस धो धो झाला. वर्षानुवर्षं भेगाळलेली तळी भरून सांडव्यावरून वाहायला लागली. इकडे तळं भरलं की गंगेची पूजा करतात आणि पाण्याला बागिना देतात: बांबूची दोन सुपं, एकावर एक झाकलेली, आत तांदूळ, हळदकुंकू, बांगड्या, खण आणि नारळ. शेजारच्या बाई आईला बरोबर घेऊन गेल्या. आईला कन्नड येत नव्हती, त्यांना मराठी येत नव्हती. मी मागे उभा होतो. बायका पाण्याच्या काठाशी गेल्या, सुपं पाण्यावर ठेवली, कुणी फेकली नाहीत. आईने कमरेला पदर खोचला, वाकली आणि शेजारणीच्या सुपाला खालून हात लावला. परतताना माझ्याशी ती खूप वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘हेंका पण इचारूचा लागता.’

त्याच बाईंचं माहेर देवनहळ्ळी तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीत. एअरोस्पेस पार्कसाठी तिथल्या तेरा गावांची १,७७७ एकर जमीन घ्यायची निघाली होती, आणि एप्रिल २०२२पासून शेतकरी धरणं धरून बसले होते. बाई सांगताना रडल्या. मी भाषांतर केलं. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘जमिनीक सातबारो तरी असता गे. आमच्या दर्याक काय हा?’ हे कन्नडमध्ये सांगणं मला जमलं नाही, पण बाईंना ते कळलं असावं, कारण त्यांनी आईचा हात धरला. ते धरणं तीन वर्षांहून जास्त चाललं आणि १५ जुलै २०२५ला सरकारने जमीन घेण्याचा निर्णय मागे घेतला. बाई पेढे घेऊन आमच्या दारात आल्या, तेव्हा आई नव्हती.

मालवणात अलीकडे नारळी पौर्णिमेला बायकांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धा होतात. आई असताना मामेबहिणीने त्याचा व्हिडिओ पाठवला होता. जरीच्या साड्या नेसलेल्या बायका, ध्वनिक्षेपक, बक्षिसं, तुफान गर्दी. आईने तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग मुलीला म्हणाली, आवाज मोठा कर, आणि फोन कानाला लावला. चित्र बघायचंच नव्हतं तिला. टोला पडला की सांगायची, ‘फुटलो,’ ‘हो नाय फुटाचो.’ मुलगी पडद्यावर बघून खात्री करत होती. आजी चुकत नव्हती.

इथल्या बाजारात नारळ तिपटूरकडचे येतात, मोठे आणि रसाळ. आई ते ठोकून बघायची. ‘गोड आसत, पण लढाचे नाय.’

जुलै २०२३च्या सुरुवातीला आई गेली. आषाढ होता. आजारपण थोडक्यात आटोपलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. शेवटच्या रात्री तिने तिथी विचारली आणि मी सांगितली. तिने हिशेब केला की नाही ते मला कळलं नाही. मी केला. पहाटे तीनच्या सुमारास भरती होती, आणि ती सुकतीबरोबर गेली.

दिवसकार्य इथेच झालं. अस्थी श्रीरंगपट्टणला पश्चिमवाहिनीत सोडाव्यात, इकडचे बहुतेक लोक तिथेच जातात, असं गुरुजींनी सुचवलं. मी मामाला फोन केला. मामा ऐंशीच्या घरात. तो म्हणाला, दर्यातच सोडायच्या, पण आता नाही. ‘दर्या बंद हा. नारळ पडाक होयो.’ त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्यामुळे नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला. कायद्याने दर्या १ ऑगस्टलाच उघडणार होता. मी मामाला ते सांगितलं. मामा म्हणाला, सरकारचा उघडेल.

म्हणून अस्थींचा कलश परसातल्या चकोत्याच्या फांदीला बांधून ठेवला. शेजारच्या बाई रोज संध्याकाळी त्या झाडाखाली पाणी शिंपडून जात. त्यांच्यात अशी रीत आहे की नाही, मी विचारलं नाही.

३० ऑगस्टला मी मालवणात होतो. किल्ल्याचा नारळ गेला, बंदराचा गेला, मी पायऱ्या उतरून आमचा ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. भरती बाराच्या सुमारास, त्याच्या आधी पाणी चढत असताना आम्ही निघालो. मामेभावाने होडी घेतली होती, इंजिनाची, फायबरची. मामा नाळेशी बसला होता. किल्ल्याच्या दक्षिणेला मामाने हात वर केला, इंजिन बंद झालं. मी कलश दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला, आईने नारळ ठेवला असता तसा, आणि तो पाणी घेत खाली गेला. मामाने काही मंत्र म्हटला नाही. तो त्याच्या बहिणीला हाक मारून म्हणाला, ‘जा गे.’ मग मामेभावाकडे वळून म्हणाला, जाळी टाक. हंगामाची पहिली होडी रिकामी परत न्यायची नाही. तासाभराने बांगडे आले, वीतभर लांबीचे, चकचकीत. भावाने ते थेट बाजारात नेऊन घातले, आणि डिझेलचा खर्च निघाला म्हणून तो खूश होता.

पुढच्या वर्षी, १९ ऑगस्ट २०२४ला, मुलीने हट्ट धरला की तिला बायकांच्या स्पर्धेत उतरायचंय. ती बंगळूरची पोर. कन्नड आणि इंग्रजी तिच्या जिभेवर जितकी सहज, तितकी मालवणी नाही. बंदराच्या रस्त्यावर तिने ढिगातून नारळ निवडला, आजीने सांगितलेलं तिला आठवत होतं: लहान, काळपट, शेंडी सुकलेला. कानाशी धरून टिचकीही मारली. पहिल्याच फेरीत तिचा नारळ फुटला. दांडीच्याच एका मुलीने फोडला, आणि हसत हसत घेऊन गेली.

मुलगी मामाकडे आली. मामा खुर्चीत बसला होता. आजी काय ऐकायची, ते सांगा, म्हणाली. मामाने बराच वेळ विचार केला. इतकी वर्षं बंदरावर ज्याच्या नावाने टाळ्या पडल्या तो माणूस म्हणाला, ‘माका नाय कळा होता बाय. ती देय, मी मारी होतंय.’ मग त्याने माझ्याकडे बघितलं. मला कुठून माहीत असणार. तिने कधी समजावून सांगितलं नाही आणि ते समजावून सांगण्यासारखं होतं की नाही, हेही मी सांगू शकत नाही. ते तिच्या कानात होतं आणि तिच्याबरोबर किल्ल्याच्या दक्षिणेला उतरलं.

मुलीचं समाधान झालं नाही. तिने रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून पिशवीभर नारळ घेतले, मामीच्या ओट्यावर मांडले आणि एकेकाला टिचकी मारून आवाज फोनवर नोंदवायला लागली. नोंदवला की दुसऱ्या नारळाने फोडायचा आणि करवंटीची जाडी बघून लिहून ठेवायची. पाणी ओट्यावरून अंगणात वाहत होतं. मामेभावाची पोरंही येऊन बसली, त्यांनीही आपापले आणले, आणि नऊ वाजेपर्यंत घरात ठकठक चालली होती. मामी खोबऱ्याच्या ढिगाकडे बघून म्हणाली, एवढ्याचा रस करून किती करणार, आता वड्याच कराव्या लागतील. मग मला हाक मारली. ‘दुकान बंद होवच्या आधी जा आणि दोन किलो साखर घेवन ये. आणि येलची इसरा नको.’